सुदेशदादांचं मत

गुरुदत्त तेलंगांनी आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं लिहिली. ठाण्याच्या कोर्टात ते लघुलेखक होते. साक्षीदार बोलायचा, न्यायाधीश ते आवरून सांगायचे आणि तेलंगांची पेन्सिल त्या आवरलेल्या वाक्यामागून कागदावर सरपटत जायची. खून, वाटण्या, काडीमोड, बांधावरच्या मारामाऱ्या. सगळं त्यांच्या हातातून गेलं आणि हातात काही राहिलं नाही. निवृत्तीनंतर वर्तकनगरच्या घरात ते पहिल्यांदा स्वतःचं वाक्य लिहायला बसले, तेव्हा बराच वेळ नुसते बसून राहिले. कुणीतरी सांगेल, मग आपण लिहायचं, ही सवय.

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो. पुढचं सगळं त्यांनी मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, बहुतेक वेळा जिन्यात उभं राहून, एक हात कठड्यावर ठेवून.

लिहायचं काय हे मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं. जे नोंदीत आलं नाही ते. उत्तर देण्याआधी एक बाई दर वेळी बांगड्या कोपरापर्यंत सरकवायची. एक म्हातारा स्वतःच्या मुलाविरुद्ध साक्ष देऊन खाली उतरला आणि त्याच मुलाला म्हणाला, ‘जेवलास का?’ कागदावर यातलं काहीच नसतं. कागदावर फक्त ‘साक्षीदार हजर’ असं असतं. तेलंगांना वाटायचं, खरा खटला त्या बांगड्यांत होता.

दोन दिवाळी अंकांकडे त्यांनी लेख पाठवले. पोच आली नाही. बायकोला, वासंतीबाईंना दिले. त्या म्हणाल्या, ‘वाचते हो, ठेवा तिथे,’ आणि ते कागद टीव्हीच्या रिमोटखाली बरेच दिवस राहिले. तेलंगांना पैसा नको होता, नावही नको होतं. मला ते अगदी सरळ म्हणाले होते, ‘एक माणूस हवा. ज्याने वाचलंय असं मला कळेल, असा एक.’

मग त्यांची भाची आली. क्षिप्रा माजिवड्याला कसल्याशा कंपनीत कामाला होती. तिने मामांसाठी एका साइटवर खातं काढून दिलं. तिथे लिहिलं की क्रिप्टोची टोकन मिळतात.

‘टोकन म्हणजे? बँकेत मिळतं ते?’

‘नाही हो मामा. क्रिप्टो.’

‘म्हणजे ते बुडणारं.’

‘तुम्ही काही घालतच नाहीये, तर बुडणार काय? लिहायचं. लोक मतं देतात. मतांवर टोकन. निम्मी तुमची, निम्मी मत देणाऱ्यांची.’

‘मत देणाऱ्याला कशाला?’

‘नाहीतर फुकट कोण वाचेल?’

तेलंग हसले. मग तिने त्यांना मुख्य गोष्ट सांगितली. मत सगळ्यांना आहे, पण मताचं वजन सारखं नाही. ज्याच्याकडे टोकन जास्त त्याचं मत जड. आणि जे अगदी सुरुवातीला आले त्यांच्याकडे सगळ्यात जास्त, कारण तेव्हा ती मातीमोलाने मिळत होती.

‘आणि नव्याचं मत?’

‘नव्याचं मत पडतं. पण काटा हलत नाही.’

‘याला ते न्याय म्हणतात?’

‘म्हणतात ना. पहिल्याच पानावर लिहिलंय, सर्वांना समान संधी.’

‘आमच्या कोर्टाच्या भिंतीवर पण होतं काहीतरी लिहिलेलं,’ तेलंग म्हणाले.

सुरुवातीचे लेख शून्यावर राहिले. शून्य तिथे फार स्वच्छ दिसतं. लेखाखाली एक कोरी पट्टी असते आणि तिच्या टोकाला ते गोल बसलेलं असतं. वाचलं की नाही वाचलं हे साइट सांगतच नाही, मतं किती तेवढं सांगते. तेलंग दिवसातून पुन्हा पुन्हा जाऊन ते गोल बघून यायचे. बंद पडलेल्या घड्याळाकडे माणूस बघतो तसं.

तिथल्या मराठी लोकांचा एक ग्रुप होता. कल्याणचा सुश्रुत नावाचा एक तरुण तो चालवायचा. त्याने तेलंगांना फोन केला. बोलणं लाघवी, घाईचं.

‘काका, लेख चांगले आहेत हो तुमचे. पण तुम्ही मराठीचा टॅगच लावत नाही. टॅग लावा. आणि सुदेशदादांचे आभार माना.’

‘हे कोण?’

‘आपले सगळ्यात जुने. डोंबिवलीचे. पहिल्या वर्षी आलेले. त्यांच्या शेवटच्या पोस्टखाली जाऊन दोन ओळी लिहायच्या. नव्याने आल्यावर आपल्याकडे पद्धतच आहे ती.’

तेलंग गेले. त्या पोस्टखाली आभारांची लांबच लांब रांग होती. पोस्ट चार वर्षांपूर्वीची होती हे त्यांनी पाहिलं, पण त्यात त्यांना वावगं वाटलं नाही. उलट आदर वाटला. या माणसाने लिहिणं सोडलं आणि वाचणं धरलं. त्यांनी लिहिलं, ‘सुदेशराव, आपण माझे पहिले वाचक व्हावं ही इच्छा.’

त्या दुपारी टॅग लावून टाकलेल्या लेखाला मत आलं. सुदेश मेस्त्री. आणि त्याच्या मागोमाग, बदकीमागून पिल्लं रस्ता ओलांडतात तशी, कितीतरी नावं. गोल गेलं. तिथे आकडा आला.

पुढचे काही महिने तेलंगांच्या घरात, वासंतीबाईंच्या शब्दांत, ‘एक पाहुणा राहायला आला होता’. दुपारची जेवणं झाली, भांडी घासून पालथी पडली, की तेलंग लेख टाकायचे. टाकण्याआधी दाढी करायचे.

‘अहो, दाढी कुणासाठी? त्याला दिसतंय का?’

‘मला दिसतं ना.’

‘माझ्यासाठी कधी केली नाहीत इतकी तासून.’

दर दुपारी मत यायचं. तेलंग त्या माणसासाठी लिहू लागले होते. लेखात मध्येच ‘सुदेशराव, तुमच्या लक्षात आलं असेल’ असं यायला लागलं. हा माणूस कधीच बोलत नाही, याचं त्यांना अप्रूप होतं. इतकी वर्षं नोंदी लिहिलेल्या माणसाची समजूत अशी, की ज्याची खूण कागदावर उमटली तो तिथे होता. तो होता म्हणूनच खूण उमटली. न्यायालयात याच्यावर माणसं सुटतात आणि आत जातात. तेलंगांनी तीच समजूत घरी आणली होती आणि तिच्यावर एक माणूस उभा केला होता, खुर्चीत बसलेला, चष्मा लावलेला, ओळीवरून बोट फिरवणारा.

मग एका दुपारी चूक झाली. लेखाचं शीर्षक लिहून झालं होतं आणि वासंतीबाईंनी माळ्यावरचा डबा काढायला स्टूल धरायला बोलावलं. उठताना तेलंगांचं बोट कुठेतरी पडलं आणि नुसतं शीर्षक प्रसिद्ध झालं. खाली काहीच नाही. कोरं पान.

ते स्टूल धरून परत आले तर सुदेश मेस्त्रींचं मत आलेलं होतं. मागून पिल्लं आलेली होती. खाली दोघांनी अभिप्राय दिले होते. एकाने लिहिलं होतं, ‘अप्रतिम मांडणी.’ दुसऱ्याने, ‘शेवट मनाला भिडला.’

तेलंग हसले. हसत हसत वासंतीबाईंना सांगायला गेले आणि स्वयंपाकघराच्या दारातच थांबले. सांगितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी केली, बसले आणि एवढंच लिहिलं: ‘सुदेशराव, हे वाचत असाल तर याला मत देऊ नका. मत आलं नाही की मी समजेन, तुम्ही आहात.’ टॅग लावला. टाकलं.

बाहेर भर दुपार होती. समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्यांत कपडे वाळत होते आणि वारा नसल्यामुळे सगळे शर्ट हात खाली सोडून उभे होते. वासंतीबाई मेथी निवडत बसल्या होत्या. काडी मोडल्याचा बारीक आवाज येत होता, तेवढाच. तेलंग पट्टीच्या टोकाच्या शून्याकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा ते शून्य तिथेच राहावं असं त्यांना वाटत होतं.

ते राहिलं नाही. सुदेश मेस्त्री. मग एकेक करत सगळी नावं. पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून चालणाऱ्या आंधळ्यांची रांग दारातून आत यावी आणि संपूच नये, तसं. एकाने लिहिलं, ‘असेच लिहीत राहा सर, शुभेच्छा.’

‘काय झालं?’ वासंतीबाईंनी विचारलं. ‘पांढरे का पडलात?’

‘काही नाही. सगळे आलेत.’

त्या रांगेत रोजचं एक नाव नव्हतं, सुश्रुतचं. हे त्यांच्या लक्षात येतंय तोच फोन वाजला.

‘काका, काय हे? काढून टाका ते पहिलं.’

‘तुम्ही मत दिलं नाहीत.’

‘अहो, वाचलं ना मी.’ आपण काय बोललो ते त्याला कळलं असावं. ‘म्हणजे चाळलं. कुणी चोरून काही टाकतंय का ते बघायला लागतं मला.’

‘सुदेशराव कुठे आहेत?’

‘काका, तुम्ही कोर्टातले. तुमच्याशी काय खोटं बोलू? दादा नाहीत. कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेले.’

‘मग मत कोण देतं?’

‘लावून ठेवलेलं आहे. मराठी टॅग दिसला की मत, आपोआप. बाकीच्यांनी आपापली मतं दादांच्या मताच्या मागे लावून ठेवलीयत. दादांचं पडलं की सगळ्यांचं.’

‘वाचत कुणीच नाही?’

‘वेळ कुणाला आहे हो?’

तेलंगांनी विचारलं, ‘मत देणाऱ्याचा निम्मा वाटा. तो कुठे जातो?’

‘त्यांच्याच खात्यात. त्यांचं वजन वाढतं त्याने.’

‘म्हणजे गेलेला माणूस वाढतोय.’

‘वाढतोय म्हणून तुम्हाला मिळतंय ना! दुसऱ्या भाषांतले नवे लोक जाऊन बघा जरा. वर्ष वर्ष शून्यावर बसलेत. जुने त्यांच्याकडे बघतसुद्धा नाहीत, आपसात देतात मतं. इथे निदान नव्याला काहीतरी आहे. कुणामुळे?’ सुश्रुतचा आवाज आता तापला होता. ‘आणि एक. वहिनींकडे जाऊ नका. त्यांनी हे थांबवलं तर सगळेच बसलो आपण.’

‘किती जणांना ठाऊक आहे हे?’

‘जुन्यांना सगळ्यांनाच.’

‘आणि नव्यांना आभार मानायला पाठवता?’

‘त्यात काय झालं? देवळात नाही का हात जोडत? देव वाचतो का तुमचं?’

फोन ठेवून तेलंगांनी सुदेश मेस्त्रींची ती शेवटची पोस्ट पुन्हा उघडली. पहिल्या वेळी त्यांनी खालचे आभारच पाहिले होते. आता वरची ओळ वाचली. ‘जरा कणकण आहे. उद्या सविस्तर लिहितो.’ आणि त्याखाली चार वर्षं लोक धन्यवाद म्हणत होते. त्यात तेलंगही होते.

पुढे बरेच दिवस त्यांनी लिहिलं नाही. पण लेख टाकायची वेळ झाली की त्यांना खोलीत बसवेना. आपण टाकत नाही तरी तिकडे कुणीतरी तयार बसलं आहे, हे त्यांना जाणवत राही. ‘चेहरा नाही हो त्याला,’ ते मला म्हणाले. ‘मीच दिलेला चेहरा होता. तो आता निघत नाही.’

जाऊ नका म्हटल्यामुळेच ते गेले असावेत. सुदेश मेस्त्रींच्या जुन्या पोस्टमध्ये त्यांच्या दुकानाचे फोटो होते. डोंबिवली पूर्वेला लग्नपत्रिका छापून द्यायचं दुकान. तेलंगांनी एसटी धरली. शीळफाट्याला बस अडकली ती अडकलीच. खिडकीबाहेर ट्रकच्या रांगा ऊन खात उभ्या होत्या. आपण कशासाठी जातोय हे त्यांनी स्वतःला विचारून पाहिलं, आणि उत्तर आलं ते त्यांना आवडलं नाही. त्यांना अजूनही वाटत होतं की दुकानात तो माणूस बसलेला असेल.

दुकान चिंचोळं होतं. तिन्ही भिंतींवर पत्रिका, गणपती, केळीचे खांब, सोनेरी अक्षरं. आत एक बाई संगणकावर पत्रिकेचा मजकूर लावत बसली होती. शेजारची खुर्ची रिकामी होती आणि तिच्या पाठीवर रुमाल टाकलेला होता.

‘लिहिणारे का?’ ती म्हणाली.

‘कसं ओळखलंत?’

‘पत्रिकेला कोणी एकटं येत नाही. निदान व्याही बरोबर असतात भांडायला.’ तिने खुर्ची पुढे ओढली नाही. आतून एक स्टूल आणलं. ‘बसा काका. मी रसिका मेस्त्री. आधी पण दोघं येऊन गेलेले. चहा पितात, ह्यांच्या फोटोला हात जोडतात न् जातात. बोलत कोणी काही नाही. तुम्ही बोलणार असाल तर चहा टाकते, नाहीतर पाणी देते.’

‘बोलेन,’ तेलंग म्हणाले.

तेवढ्यात संगणकाने टिंग केलं. पत्रिकेच्या कोपऱ्यावर, नवऱ्यामुलाच्या आजोबांच्या नावावर, एक चौकट वर आली. ‘तुम्ही मत दिलं आहे.’ क्षणभर थांबली आणि विरली.

‘दिलं बघा,’ रसिकाबाई म्हणाल्या. ‘कोणाला तरी. दिवसभर देत असतात.’

‘ते वाचायचे का हो? असताना?’

‘कोण, हे?’ त्या मोकळेपणी हसल्या. ‘ओ काका, ह्यांनी कधी पेपर पण नाही वाचला. पत्रिकांची प्रुफं मीच बघायचे. एकदा मी माहेरी गेलेली तर ह्यांनी नवरीच्या जागी सासूचं नाव छापलं. पाचशे पत्रिका! मतं बितं सगळं लावून ठेवलेलं पहिल्यापासून. म्हणायचे, नवीन लोकांना बरं वाटतं गं, आपलं काय जातंय.’

खुर्चीत बसलेला, चष्मा लावलेला, ओळीवरून बोट फिरवणारा जो माणूस होता, तो मेलासुद्धा नव्हता. तो कधी नव्हताच.

चहा आला. रसिकाबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘मला एक सांगा. हे बंद करता येतं का?’

रस्त्यावरून रिक्षा जात होत्या. तेलंगांनी कप बशीत ठेवला. येतं, हे त्यांना माहीत होतं. क्षिप्राने त्यांना सेटिंगचं पान दाखवलं होतं. एक बटण, बस. आणि हेही माहीत होतं की ते बटण दाबलं की आपल्या प्रत्येक लेखाखाली पुन्हा ते गोल येऊन बसेल, मरेपर्यंत. आत्ता तिथे निदान काहीतरी येत होतं. माणूस नसेल, पण काहीतरी.

‘त्या दोघांना पण विचारलेलं मी,’ त्या म्हणाल्या. ‘होत नाही म्हणाले. दोघंही.’

‘होतं,’ तेलंग म्हणाले.

रसिकाबाईंचा चेहरा बदलला. आनंद झाला असं नाही. खूप वेळ धरून ठेवलेली पिशवी कुणीतरी घ्यायला हात पुढे केल्यावर होतो तसा.

‘टोकनचं काय करायचं?’ तेलंगांनी विचारलं.

‘ते मुलगी बघेल तिचं ती. मला नुसतं हे वाजणं नको.’ मग त्या रुमालाकडे बघत म्हणाल्या, ‘पण आधी एक करा. ह्यांच्यावर लिहा. तुमच्या त्या टॅगने टाका. बघू देतात का मत.’

‘कशाला, वहिनी?’

‘बघायचंय मला.’

तेलंगांनी एक चुकून छापलेली पत्रिका उलटी केली आणि खिशातली पेन्सिल काढली. ‘बोला,’ ते म्हणाले. इतक्या वर्षांनी कुणीतरी बोलणार होतं आणि ते लिहिणार होते. पेन्सिल आपोआप चालू लागली.

रसिकाबाईंनी सांगितलं ते थोडंच होतं. सुदेश हॉस्पिटलात होते, आत कुणाला सोडत नव्हते. घर खायला उठायचं म्हणून त्या बंद दुकानात येऊन बसायच्या, शटर अर्धं ओढून. संगणक चालू ठेवायच्या. एका दुपारी टिंग झालं आणि चौकट आली, ‘तुम्ही मत दिलं आहे.’ त्यांना वाटलं, ह्यांना बरं वाटतंय. फोन हातात घेतलाय. पडल्या पडल्या काहीतरी करतायत. त्यांनी शेजारणीला फोन करून सांगितलं, मुलीला सांगितलं. मग पुन्हा वाजलं, पुन्हा वाजलं. प्रत्येक वेळी त्या हसल्या. एकट्याच, अर्ध्या शटरमागे. संध्याकाळी हॉस्पिटलातून कळवलं की सकाळीच गेले, गर्दीत सांगायचं राहून गेलं.

‘दिवसभर मी हसत होते,’ त्या म्हणाल्या.

तेलंगांनी पत्रिकेमागची ती लघुलिपी फोनवर साध्या मराठीत उतरवली. मग कोर्टात करतात ते केलं. साक्ष संपली की साक्षीदाराला ती वाचून दाखवायची असते, म्हणजे बरोबर आहे की नाही हे तो सांगू शकतो. बहुतेक साक्षीदार ऐकत नाहीत, मान हलवतात आणि सही करतात. तेलंग हळू आवाजात वाचू लागले.

‘थांबा,’ रसिकाबाई म्हणाल्या. ‘शांतपणे गेले, असं मी कुठे म्हटलं?’

‘नाही. ते मी जरा...’

‘मला माहीत नाही ते कसे गेले. कोणालाच माहीत नाही. काढा ते.’

तेलंगांनी ते शब्द काढले. त्यांच्या वाक्याला आजवर कुणी थांबवलं नव्हतं. हे बोट ओळीवर फिरलेलं होतं आणि एका शब्दावर थांबलं होतं.

वाचून झालं. रसिकाबाई म्हणाल्या, ‘आता बरोबर आहे.’ तेलंगांनी शीर्षक दिलं, ‘सुदेश मेस्त्री गेले तो दिवस’. टॅग लावला. टाकलं.

दोघं संगणकाकडे बघत बसले. पत्रिकेतला गणपती, खाली ‘आपली उपस्थिती प्रार्थनीय’. शेजारच्या गिरणीची घरघर दुकानाच्या फरशीतून पायांत येत होती.

टिंग.

चौकट वर आली. तुम्ही मत दिलं आहे. सुदेश मेस्त्री गेले तो दिवस.

रिकाम्या खुर्चीकडे दोघांनीही बघितलं नाही. तेलंगांनी मला सांगितलं, ‘बघितलं असतं तर काही दिसलं असतं असं नाही. पण बघायचं नाही हे आमचं न बोलता ठरलं.’ हातातल्या फोनवर नावं येऊ लागली होती. एकामागून एक, थांबत नव्हती. मग एक अभिप्राय आला. रसिकाबाईंनी फोन घेतला आणि मोठ्याने वाचला.

‘खूप छान लेख. सुदेशदादा, तुमचा आधार असाच राहू दे.’

दारात चार-पाच माणसं येऊन उभी राहिली होती. मुलीकडचे असावेत, बायकांच्या हातात पिशव्या. ‘पत्रिका बघायच्या होत्या,’ त्यांतला एक म्हणाला.

‘दोन मिनिटं हां,’ रसिकाबाई म्हणाल्या. आणि तेलंगांना, ‘कुठे दाबू?’

तेलंगांनी दाखवलं. पडद्यावर विचारलं, नक्की का? रसिकाबाईंनी दाबलं. मग उठून, पदर सारखा करून, त्या गिऱ्हाइकांना पत्रिका दाखवू लागल्या. तेलंग निघाले तेव्हा त्या कुणालातरी सांगत होत्या, ‘नावं नीट लिहून द्या हां, मी दोनदा वाचते पण घरच्यांनी पण वाचायला पाहिजे.’

सुश्रुतचा फोन दुसऱ्या दिवशी आला. तो ओरडेल असं तेलंगांना वाटलं होतं. तो ओरडला नाही.

‘केलंत ना शेवटी?’

‘त्यांनी केलं. त्यांचंच होतं.’

‘काका, पुढचं मत नाही म्हणून मागची पण नाहीत. एका रात्रीत सगळा ग्रुप शून्यावर. लोक सोडून चाललेत. तुम्हाला फार वाटतं ना न्याय वगैरे? मग आता नव्याने येणाऱ्याला काय सांगू मी? कुणाचे आभार मानायला पाठवू?’

हा प्रश्न तेलंग अजून मलाच विचारतात. न वाचता दिलेलं मत फसवं होतं, हे खरं. पण त्या सगळ्या तराजूत नव्याच्या बाजूला पडलेलं तेवढं एकच वजन होतं, आणि ते एका मेलेल्या माणसाने, वाचायचा कंटाळा असलेल्या माणसाने, आपलं काय जातंय म्हणून टाकलं होतं. वाचणाऱ्यांनी काहीच टाकलं नव्हतं.

ते लिहितात अजून. दाढी करून बसतात की नाही, मी विचारलं नाही. खाली गोल असतं. पण लिहून झालं की हल्ली ते साइट बंद करत नाहीत. मराठी टॅगच्या पानावर जातात आणि तिथे कुणी नवं आलंय का बघतात.

परवा एक जण होती. अमृता, कल्याणची. पहिलाच लेख. खाडीकाठी तिच्या आजोळी मिठागर होतं, त्यावर. तेलंगांनी तो सावकाश वाचला, परत वाचला. मत दिलं. काटा हलला नाही. मग त्यांनी अभिप्राय लिहिला, चांगला मोठा. मिठाच्या ढिगावर रात्री झाकायला टाकलेल्या पेंढ्याबद्दल तिने लिहिलं होतं, त्यावर दोन प्रश्न विचारले. एका जागी तिने उगाच सुंदर केलं आहे, ते काढा, असं सुचवलं.

बऱ्याच वेळाने तिचं उत्तर आलं. आभार नव्हते त्यात, राग नव्हता.

‘राग मानू नका,’ तिने विचारलं होतं, ‘पण तुम्ही खरंच कोणी आहात का?’

तेलंग मला जिन्यात हे सांगत होते तेव्हा त्यांचा हात कठड्यावर सारखा पुढेमागे सरकत होता. त्यांनी आधी आपलं नाव, पत्ता, कोर्टातली नोकरी असं सगळं लिहिलं, आणि पुसलं. नावपत्ता सुदेश मेस्त्रींनाही होता. मग तिच्या लेखातली दोन वाक्यं उतरवून दाखवली, आणि तीही पुसली. आजकाल वाक्यं काय, कुठल्याही यंत्राला उतरवता येतात.

शेवटी त्यांनी लिहिलं, ‘हो.’

आणि पाठवल्यावर त्या शब्दाकडे बघत बसले. पडद्यावर तो एकटाच होता. कुणीही लिहिलेला असावा, तसाच दिसत होता.